‘लेखकाने थोडा अभ्यास करावा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माझ्या अंतराळ-कादंबरीच्या नवव्या भागावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, म्हणून पुन्हा वाचली. राग तसाच राहिला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : अंतरांचे आकडे जुळत नाहीत, सगळी पात्रं एकाच आवाजात बोलतात, राजमाता नुसती सुस्कारे टाकते, आणि ‘साम्राज्याचा मूळ करार बनावट आहे हे सहाशे वर्षं उघड होऊ नये, हे हास्यास्पद आहे. लेखकाने थोडा अभ्यास करावा.’

आकड्यांचं मान्य. सीमेवरचा ग्रह दुसऱ्या भागात २१ प्रकाशवर्षांवर होता, सहाव्यात १२ वर आला. टंकताना अंक उलटे पडले. दुरुस्त केलंय, आभार.

पण ‘थोडा अभ्यास करावा’? ‘मला पटलं नाही’ म्हणाला असतात तर भागलं असतं. ‘हास्यास्पद’सुद्धा मी गिळलं असतं. तुम्ही मात्र थेट मास्तरकीवर उतरलात, तेही कादंबरी फुकट वाचून.

बरं, अभ्यास. रोमचा सम्राट कॉन्स्टंटाइन याने रोम आणि पश्चिमेकडचं साम्राज्य पोपच्या हवाली केलं, असं सांगणारं एक दानपत्र होतं. सम्राट चौथ्या शतकातला, दानपत्र बहुधा आठव्या शतकात रचलेलं. शंका घेणारे मधे होऊन गेले, पण शंकेने काय होतं? लोरेन्झो वाल्ला या इटालियन विद्वानाने १४४० मध्ये त्याची चिरफाड केली, आणि तीही मुख्यतः भाषेवरून. त्या काळच्या रोमच्या कारभारात हे ‘क्षत्रप’, म्हणजे इराणी सुभेदार, कुठून उपटले, असं त्याने विचारलं. म्हणजे जवळपास सातशे वर्षं. आणि तीही एकाच खंडात, जिथे निरोप घोड्यावरून पोचत होते.

माझ्या सीमेवरच्या सुभेदाराने राजधानीला ‘मूळ करार दाखवा’ असं विचारलं, तर प्रकाशाच्या वेगानेही निरोप जायला २१ आणि यायला २१, म्हणजे उत्तर मिळायला ४२ वर्षं लागतात. (सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याशी सवाल-जवाब करायचा तरी साडेआठ वर्षं जातील.) तोवर विचारणारा निवृत्त किंवा सरणावर, आणि हे उत्तर कशाचं, ते नव्या सुभेदाराला ठाऊक नाही. यात हास्यास्पद काय ते सांगा.

शिवाय मी अकरा वर्षं एका कचेरीच्या अभिलेख कक्षात काढली आहेत. कागद लपवावा लागत नाही हो! भलत्या रुमालात बांधला की झालं. एक नकाशा आम्ही आठ महिने शोधत होतो, तो खुर्च्यांच्या खरेदीच्या फायलीत निघाला. कुणाचं कारस्थान नव्हतं, कारकून घाईत होता. माझ्या कादंबरीतला करार धान्यकोठाराच्या हिशेबात सापडतो तो त्यामुळेच. तुम्ही अशा खोलीत कधी धूळ खाल्ली आहे का? प्रतिक्रियेवरून तरी वाटत नाही.

पात्रांच्या आवाजाबद्दल काय बोलणार, ज्याची त्याची आवड. राजमातेच्या सुस्काऱ्यांना कारण आहे, ते चौदाव्या भागात येईल. तोवर टिकलात तर.

आणि हो, तुमच्या प्रतिक्रियेत तीनदा ‘दस्तावेज’ आलंय. मराठीत ‘दस्तऐवज’ म्हणतात. वाल्लानेही भाषेवरूनच पकडलं होतं.