मुलांचा डायबेटीस ‘९० दिवसांत मुळापासून बरा’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

आपल्याकडच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय, लहान मुलांचा डायबेटीस ९० दिवसांत मुळापासून बरा करा म्हणून. सांगणं असं की हा आजार चॉकलेट-बिस्किटं खाऊन आणि आईच्या दुर्लक्षामुळे होतो. इन्सुलिनची सवय लागते म्हणून ते सुरू करू नका, केलं असेल तर हळूहळू बंद करा. त्याऐवजी कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पावडर आणि भेंडीचं पाणी द्या. भात कायमचा बंद. आणि शाळेत कुणाला कळू देऊ नका, मुलगी असेल तर मुळीच नको.

एरवी मी असल्या मेसेजना उत्तर देत बसत नाही. पण हा काकांनी आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला, तोसुद्धा माझ्या भाचीला टाइप १ डायबेटीस असल्याचं नुकतंच कळलेलं असताना, ती बांबोळीच्या गोमेकॉतून, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलातून, डिचोलीला घरी येऊन थोडेच दिवस झालेले असताना. वहिनी तो वाचून रडली, आणि आई म्हणाली, एवढीशी पोर, इन्सुलिनची सवय लागण्यापेक्षा थोडे दिवस थांबून बघूया का. थांबून बघूया! म्हणून हे लिहितेय.

आधी इन्सुलिनचंच बोलते, कारण जीव जाईल तो तिथे जाईल. इन्सुलिन आपल्या प्रत्येकाच्या अंगात तयार होतं, मेसेज लिहिणाऱ्याच्याही. टाइप १ मध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. मग साखर रक्तात असते पण पेशींना ती वापरता येत नाही, शरीर चरबी जाळायला लागतं, कीटोन नावाची आम्लं साचतात, रक्त आम्लधर्मी होतं. पोटात दुखणं, उलट्या, जोरजोरात खोल श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, मग गुंगी. इन्सुलिन पूर्ण बंद केलं तर इथपर्यंत यायला महिने लागत नाहीत, एक-दोन दिवसही पुरतात. सवय कसली त्यात? जे अंगात बनायचं बंद झालंय ते बाहेरून द्यायचं, एवढंच आहे ते.

आणि इन्सुलिन नसताना काय व्हायचं हे जगाने बघून झालंय. १९२२ च्या आधी या मुलांसाठी उपाय एकच होता, उपाशी ठेवणं. अगदी मोजकं खायला देऊन मुलं काही महिने, फार तर एखाद-दोन वर्षं जगवायची, हाडांचे सापळे व्हायचे त्यांचे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, तेव्हा त्याचं वजन जेमतेम ३० किलो होतं. ११ तारखेचं इंजेक्शन नीट शुद्ध नव्हतं, फारसा उपयोग झाला नाही. मग तिथल्याच संशोधकांपैकी कॉलिप यांनी ते जास्त शुद्ध केलं, २३ तारखेपासून पुन्हा दिलं आणि साखर उतरली, पोरगं तरतरीत झालं, पुढे १३ वर्षं जगलं. याच गटातल्या बँटिंग आणि मॅक्लाउड यांना १९२३ चं नोबेल मिळालं ते यासाठी. कारली तेव्हाही होती, जांभळंही होती. आपल्याकडे तर ढिगाने होती. या मुलांना त्यांनी वाचवलं नाही.

आता मेसेजच्या खाली जे अनुभव जोडलेत, ‘आमच्या मुलाचे डोस निम्म्यावर आले’ वगैरे, ते सगळे खोटेच असतील असं मी म्हणत नाही. इन्सुलिन सुरू झाल्यावर बऱ्याच मुलांमध्ये उरल्यासुरल्या पेशी थोडा काळ पुन्हा काम करतात आणि गरज खूपच कमी होते, डॉक्टर त्याला हनिमून फेज म्हणतात. काही आठवडे, काही महिने, कधी त्याहून जास्त, मग ती संपते. नेमका त्याच काळात काढा चालू असला की श्रेय काढ्याला जातं, घरचे इन्सुलिन बंद करतात, आणि पोरगी कॅज्युअल्टीत पोचते.

एक मान्य करते. मोठ्या माणसांचा टाइप २ वजन उतरवून, खाणं बदलून आटोक्यात येतो, काहींच्या गोळ्याही सुटतात. काकांचं तसं झालं असेल तर आनंद आहे. पण तो आजार वेगळा, हा वेगळा, आणि मेसेजमध्ये दोन्ही एकत्र कालवलेत.

चॉकलेट आणि आईचं दुर्लक्ष. हे वाचून मला सगळ्यात जास्त राग आला. टाइप १ गोड खाऊन होत नाही. आईने काही वेगळं केलं असतं तर टळला असता, असंही नाही. वहिनी अजून विचारते, मी तिला डब्यात बिस्किटं द्यायचे म्हणून झालं का गं. नाही झालं. नातेवाइकांना खरंच काही करायचं असेल तर एक रात्र तिच्याकडे जाऊन राहा, शुगर तपासायला शिका, रात्रीची तपासणी तुम्ही करा आणि तिला झोपू द्या. आणि लक्षात ठेवण्यासारखं काही असेल तर हे: मूल सारखं पाणी पितंय, सारखं लघवीला जातंय, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालंय, वजन उतरतंय, तर ‘उकाडा आहे’ म्हणून सोडून न देता त्याच दिवशी शुगर तपासा.

भाताचं थोडक्यात. वाढत्या मुलीचा भात तोडायचा नसतो, मोजायचा असतो आणि त्याप्रमाणे डोस घ्यायचा असतो. शीत-कढी चालते, चवथीची नेवरीही (करंजी) हिशेबात बसते.

राहिली शाळा. लपवलं तर काय होईल? पीटीच्या तासाला शुगर ७० च्या खाली गेली, हातपाय थरथरायला लागले, घाम सुटला, तर बाईंना वाटेल नाटक करतेय. सांगितलेलं असेल तर त्या १५ ग्रॅम ग्लुकोज देतील, १५ मिनिटांनी पुन्हा तपासतील, आणि पोर गुंगीत असेल तर तोंडात काही न घालता १०८ ला फोन करतील. आम्ही हे सगळं कागदावर लिहून वर्गशिक्षिकेला दिलंय, सोबत ग्लुकोजची पुडी. लग्नाची काळजी ज्यांना आत्तापासून आहे त्यांनी ती स्वतःजवळ ठेवावी, पोर चौथीत आहे.

काका, तो मेसेज ज्या-ज्या ग्रुपवर टाकलात तिथे हेही टाका, आणि इन्सुलिन बंद करण्याबद्दलची ओळ चुकीची आहे असं स्वतःच्या नावाने लिहा. तुमचं ऐकणारी माणसं आहेत तिथे.