‘औपचारिक कॅन्टोनीज म्हणजे कॅन्टोनीज उच्चारातलं मँडरिन’? अर्धंच खरं

कॅन्टोनीज, म्हणजे हाँगकाँगमध्ये बोलली जाणारी चिनी, शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरतो : ‘ही नुसती बोली. हिला औपचारिक शब्दसंग्रह नाहीच. मँडरिनचे (चीनच्या प्रमाण भाषेचे) शब्द घ्या, कॅन्टोनीज उच्चारात म्हणा, झालं काम.’

यातलं खरं आधी मान्य करतो. हाँगकाँगची मुलं शाळेत प्रमाण लिखित चिनी कॅन्टोनीज उच्चारात वाचतात, आणि त्या भाषेचं व्याकरण मँडरिनच्या जवळचं आहे. पण ती वाचायची भाषा. ‘तो आहे’ हे लिहिताना ‘था सी’, बोलताना ‘ख्युई हय’. मुलाखतीत ‘था सी’ म्हणणं म्हणजे आपल्याकडे ‘मजला नोकरी हवी असे’ म्हणण्यासारखंच.

औपचारिक बोलताना बदलतात ते वजनदार शब्द. ‘मदत’ला ‘पाँग’ऐवजी ‘हिप-चो’, ‘आता’ला ‘यी-का’ऐवजी ‘यिन-सी’. सर्वनामं, नकार, षष्ठीचा ‘के’ मात्र बोलीतलेच राहतात. आपला पोलीस अधिकारी कॅमेऱ्यासमोर ‘सदर इसमास ताब्यात घेण्यात आलं’ म्हणतो ना, तसं. शब्द दप्तरी, पण शेवटी ‘आलं’च, ‘आले’ नाही. सगळी मेख या ‘आलं’मध्ये आहे, आणि नेमकी तीच या सल्ल्यात हरवते.

बरं, शब्द तरी मँडरिनचेच असतात का? हाँगकाँगमधल्या एका मालमत्ताकराचं सरकारी नाव ‘छाय-हाँग’, शब्दशः शिपायांचा पगार. १८४५ मध्ये पोलिसांच्या खर्चासाठी तो बसवला, नाव चिकटलं ते चिकटलंच. मँडरिनच्या पाठ्यपुस्तकात हे शोधून सापडायचं नाही.

उच्चाराचीही गंमत आहे. एकच अक्षर ‘स्वस्त’ या अर्थी ‘फेंग’, पण ‘शांतता’ या शब्दात (‘वो-फिंग’) ‘फिंग’. तेव्हा शब्द पाठ करायचा तो अख्खा, अक्षरं जोडून नव्हे.

‘नुसती बोली’बद्दल एवढंच : हाँगकाँगमध्ये १९७४ साली चिनीला इंग्रजीच्या जोडीने अधिकृत दर्जा मिळाला, आणि तिथल्या कायदेमंडळात बोलली जाणारी चिनी ही मुख्यतः कॅन्टोनीजच.

राहता राहिला आदर. तो जड शब्दांनी आपोआप येत नाही. पाणी आणून देणाऱ्या वेटरला ‘म्-कॉय’, भेटवस्तू देणाऱ्याला ‘तो-चे’. आभार दोन्ही, पण अदलाबदल चालत नाही. आडनाव विचारताना ‘क्वय-सिंग?’ म्हणतात, म्हणजे ‘आपलं मौल्यवान आडनाव?’ उत्तरात मात्र साधं ‘न्गो सिंग’, माझं आडनाव अमुक. ‘माझं शुभनाव अमुक’ आपल्याकडे खपून जातं. तिथे स्वतःच्याच आडनावाला ‘क्वय’ लावलंत तर समोरचा हसू दाबतो.