आडोशासाठी कोनोकार्पसचं झाड लावू नका, हात जोडून सांगायलो

पोस्ट जरा मोठी आहे पण वाचा, खास करून लातूरच्या बाहेरच्या बाजूला नवीन प्लॉटिंगमधे ज्यांनी घर बांधलंय किंवा बांधायलेत त्यांनी.

आमच्या घरामागं थोडी मोकळी जागा आहे. धुणं तिथंच वाळतं, उन्हाळ्यात माय तिथंच बाजेवर जुनी साडी अंथरून कुरडया घालायची. २०१९ ला मागच्या प्लॉटवर दोन मजली घर झालं अन् त्यांची गॅलरी बरोबर आमच्या परसावर आली. माणसं चांगली आहेत, कधी उगं डोकावत नाहीत, पण मायनं मागं बसायचंच सोडलं. कुरडया गच्चीवर गेल्या आणि तिचे गुडघे काही आता जिन्याचे राहिले नाहीत. ते मला बघवंना.

म्हणून घाईघाईत नर्सरी गाठली. तिथं सांगितलं की कोनोकार्पस न्या दादा, दोन वर्षांत भिंतीच्या वर जातं, पाणी लागत नाही, रोग पडत नाही. अकरा रोपं आणली. खरंच दोन वर्षांत हिरवी भिंत उभी राहिली, मी चार जणांना लावायला पण सांगितलं, त्याचं आज लई वाईट वाटतं.

२०२३ च्या पावसाळ्यात बाथरूमचं पाणी तुंबायला लागलं. प्लंबरनं चेंबरचं झाकण काढलं, पाइपात हात घातला आणि ओढून काढलं ते काय, तर मुळ्यांचा झुपका, गंगावनासारखा, तपकिरी, ओलाचिंब, पाइपाच्याच गोल आकाराचा अन् तीन-साडेतीन फूट लांब. जोडाला केसाएवढी फट होती, तिथनं शिरला होता. त्याच सप्टेंबरात गुजरात सरकारनं या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली, वनक्षेत्रात पण आणि बाहेर पण. कारणं हीच, मुळं ड्रेनेज, केबल, पिण्याच्या पाण्याच्या लाइनीत घुसतात, आणि हिवाळ्यात फुलोऱ्याच्या परागकणांनी सर्दी खोकला दमा वाढतो. आपल्याकडं मात्र लेआउटच्या गेटापासून रांगा लावायलेत.

अन् पाणी लागत नाही म्हणणं साफ खोटं आहे. हे खारफुटीच्या सोबतीनं वाढणाऱ्या जातीतलं झाड, आपण नाही दिलं तर जिथं ओल असंल तिथं जाऊन पितं. २०१६ च्या एप्रिलात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या गावानं असलं झाड लावावं का, तुम्हीच सांगा.

काढतानाही अर्ज करावा लागला, कारण शहरात झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानं परवानगी लागते. बुंधे खोदून काढायला दोन माणसं तीन दिवस.

आता मेंदी लावलीय. आपली साधी मेंदी, आज्या हातावर वाटून लावायच्या ती. काळ्या रानात नुसता खड्डा करून लावू नका, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि बारीक मुळ्या तुटतात. दीड फूट चर घेतला, मातीत मुरूम आणि शेणखत कालवलं, एकेक फुटावर रोपं, दोन ओळीत, एका ओळीतलं रोप दुसऱ्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधे येईल असं, आणि बुडाला सोयाबीनचं भुसकट जाड अंथरलं. रोप दोन फुटांचं झालं की जीवावर दगड ठेवून फुटावर छाटायचं. इथंच सगळे चुकतात, वाढू देतात, मग वर झुडूप अन् खाली नुसत्या काड्या, सगळं आरपार दिसतं. कापताना बूड रुंद, शेंडा अरुंद ठेवा म्हणजे खालच्या पानाला ऊन लागतं. मोठी छाटणी पाऊस सुरू झाल्यावर, एप्रिल-मे मधे कात्री लावूच नका.

मेंदीच पाहिजे असं नाही. अडुळशाला शेळी तोंड लावत नाही, निरगुडी कमी पाण्यावर तगते, कामिनी दिसायला सुंदर पण सावकाश येते. पिवळी कण्हेर लेकरं असलेल्या घरात नकोच, पानापासून बियांपर्यंत सगळी विषारी. वरच्या मजल्याची नजर अडवायची असंल तर सरळ वाढणारा अशोक बरा, पण पाणी द्यावं लागतं.

कुंपण भरायला तीन वर्षं लागतात. तोवर आम्ही तारेवर दोडका आणि वाल चढवला, उन्हाळ्यात हिरवं शेडनेट बांधलं. मेंदी आता माझ्या छातीला लागलीय. माय यंदा बाज घेऊन परत मागं बसली, कुरडया तिथंच घातल्या.

कोपऱ्यात बुलबुलानं घरटं केलंय, तेवढा भाग पिल्लं उडाल्याशिवाय छाटणार नाही. बाकीची मृग लागला की छाटतो. काड्या भरपूर निघतील, त्या मातीत खोचल्या की फुटतात. ज्याला पाहिजे त्यानं कमेंटमधे सांगा, बांधून ठेवतो.