हातात केळे धरणे म्हणजे समानुभूती नव्हे

गेल्या रविवारी पसरणी घाटात एका माकडाने माझ्या भाचीचे मनगट ओरबाडले. ती सांगलीत शाळेत शिकवते, वाचणारी आणि विचार करणारी मुलगी आहे. पण त्या सकाळी मोबाईलवर आलेला एक संदेश तिने खरा मानला होता. तोच संदेश साताऱ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही दोनदा येऊन गेला, आणि दोन्ही वेळा लोकांनी त्याखाली हात जोडले. म्हणून हे उत्तर.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. चिंपांझींच्या संशोधक जेन गुडाल यांनी शिक्षण नसताना केवळ प्रेमाच्या बळावर चिंपांझींना जाणून घेतले. जपानच्या एका बेटावर शंभराव्या माकडाने रताळे धुतले, त्या क्षणी समुद्रापलीकडची माकडेही आपोआप रताळी धुऊ लागली. वही घेऊन मोजमाप करणाऱ्या शास्त्रज्ञांना हे कळत नाही, कारण मोजणे आले की प्रेम संपते. आणि माकडाच्या डोळ्यांत पाहून, हसून, हाताने खाऊ दिला तर ते आपले अंतःकरण ओळखते व कधीच इजा करत नाही.

गुडाल यांच्याबद्दलचे म्हणणे अर्धे खरे आहे, हे मान्य करावे लागेल. १९६० साली त्या आफ्रिकेतल्या गोम्बेच्या जंगलात गेल्या तेव्हा त्यांच्याकडे पदवी नव्हती, आणि पुढे केंब्रिजमध्ये त्यांना ऐकवले गेले की चिंपांझींना नावे नव्हे, क्रमांक द्यायला हवे होते. त्यांनी नावे सोडली नाहीत, आणि त्यात त्या बरोबर होत्या. पण सुरुवातीचे कित्येक महिने चिंपांझी त्यांना पाहताच पळून जात, आणि त्या टेकडीवरून दुर्बिणीने पाहून रोजच्या रोज नोंदी करत, हे संदेशात कुठेही नाही. गोम्बेत चिंपांझींना केळीही वाटली गेली, आणि केळी मिळण्याच्या जागेपाशी त्यांच्यातली भांडणे वाढली, हे तर सोयीस्करपणे गाळले आहे.

शंभराव्या माकडाची गोष्ट मात्र सपशेल खोटी आहे, आणि ती खोडण्यासाठी मूळ निबंधापलीकडे जावे लागत नाही. जपानच्या कोशिमा बेटावरच्या या माकडांवर जपानी संशोधक मासाओ कावाई यांनी १९६५ साली सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. १९५३ साली इमो नावाच्या दीड वर्षाच्या मादीने वाळू लागलेले रताळे पाण्यात धुतले. त्यानंतर तिच्या खेळगड्याने, मग तिच्या आईने ते उचलले. आया धुऊ लागल्यावर पाण्यात पडलेले तुकडे खाता खाता त्यांची पिल्ले शिकली. आणि या पिल्लांपासून व त्यांच्या आयांपासून दूर वावरणारे थोराड नर बहुतांशी शिकलेच नाहीत. १९६२ साली त्या टोळीत ५९ माकडे होती. शंभरावे माकड आणायचे कोठून? दुसऱ्या ठिकाणच्या काही माकडांनी रताळी धुतल्याचे कावाईच नोंदवतात, पण ती एखाद-दुसरी माकडे होती, बेटच्या बेट नव्हे. दहा वर्षे माणसे एकेका माकडामागे राहिली, म्हणून कोण कोणाकडून शिकले हे आपल्याला आज सांगता येते; ‘आपोआप’ म्हणणे हा त्या कष्टांचा अपमान आहे.

मोजण्याने प्रेम संपते या मुद्द्याचे उत्तरही इथेच आहे. याच कावाईंनी ‘क्योकान’, म्हणजे समानुभूती, ही कल्पना मांडली. माकडांच्या जगात शिरून, त्यांच्याशी नाते जोडून त्यांच्या जाणिवेपर्यंत पोचणे, असा तिचा अर्थ सांगता येईल. कोणते माकड धुते आणि कोणते नाही याची यादी करणारा आणि त्या माकडांबद्दल जिव्हाळा बाळगणारा माणूस एकच होता.

आता ज्या मुद्द्याने भाचीला जखम झाली, तो. ती केळे अर्धे सोलून, माकडाकडे टक लावून, हसत उभी होती. फोटो निघेपर्यंत तिने केळे सोडले नाही. माकडाने भुवया वर ताणून तोंड उघडले, ते तिला हसणे वाटले. माकडांत रोखून पाहणे हे आव्हान असते, भुवया ताणून तोंड उघडणे ही धमकी असते, आणि गप्प राहून दात दाखवणे हे बहुधा भीतीचे किंवा माघारीचे लक्षण असते. म्हणजे तिने एकाच वेळी आव्हान दिले, भ्यायल्याचे दाखवले आणि खाणेही अडवून धरले. त्याचे अंतःकरण ओळखायचे होते ना? मग आधी त्याची भाषा शिकायला हवी होती. संशोधक बार्बरा स्मट्स यांनी आफ्रिकेत बबून माकडांसोबत हेच केले. संशोधकाने दगडासारखे निर्विकार राहावे हा सल्ला त्यांना कामाचा वाटला नाही, म्हणून बबून कशाने अस्वस्थ होतात हे त्या शिकल्या आणि तसे दिसताच बाजूला होऊ लागल्या. समानुभूतीची पद्धत ती हीच, आणि तिच्यात केळ्याला जागा नाही.

‘कधीच इजा करत नाही’ याबद्दल एवढेच सांगतो की आपल्यापासून फार लांब नसलेल्या धारवाडला १९६२ साली जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी वानरांच्या टोळीत नवा हुप्प्या आल्यावर पिल्ले चावून मारली गेल्याची नोंद केली. वानरांना साधू मानणाऱ्याला हे दिसले नसते, आणि दिसले असते तरी त्याने ते लिहिले नसते.

माकडाने चावले किंवा ओरबाडले तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठावा, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही. हळद दाबून, ओढणी गुंडाळून सांगलीपर्यंत तसेच जाऊ नये, जे माझी भाची करणारच होती. वाईत मी तिला गाडीतून उतरवले म्हणून ते टळले.