हेलिकॉप्टर नेमका कुठे तोडायचा?

इंग्रजी शब्दाचे उच्चारासाठी पाडलेले तुकडे म्हणजेच त्याची व्युत्पत्ती, हा आपल्याकडचा समज हेलिकॉप्टर या एका शब्दापाशीही टिकत नाही. इंग्रजी कोश त्याचे हे-लि-कॉप्-टर असे चार अवयव दाखवतात; मुख्य आघात पहिल्या अवयवावर असतो आणि शेवटचा ‘र’ इंग्लंडात सहसा गिळला जातो, अमेरिकेत ऐकू येतो. बोलण्यापुरती ही विभागणी चोख आहे. घोटाळा होतो तो तिच्यावरून ‘हेलि’ आणि ‘कॉप्टर’ हे दोन मूळ घटक मानल्यामुळे, आणि मग कोणीतरी ‘हेलि’चे नाते ग्रीक सूर्याशी जोडून मोकळा होतो.

सूर्याचा येथे काडीचाही संबंध नाही. गुस्ताव पोंतों दामेकूर या फ्रेंच गृहस्थांनी १८६१ मध्ये हा शब्द घडवला तो मळसूत्री वळण या अर्थाचा ‘हेलिक्स’ आणि पंख या अर्थाचा ‘प्तेरॉन’ या ग्रीक शब्दांपासून. म्हणजे खरा सांधा ‘हेलिको’ आणि ‘प्टर’ यांच्यामध्ये आहे. परंतु अवयवाच्या आरंभी ‘प्ट’ उच्चारणे इंग्रजी जिभेला जमत नाही (टेरोडॅक्टिल, pterodactyl, या प्राचीन उडत्या सरीसृपाच्या नावातला आरंभीचा ‘प’ ती सरळ सोडून देते), म्हणून येथे ‘प’ मागच्या अवयवाला चिकटला. बोलताना आपणही ‘कॉप्-टर’ असेच तोडतो, मात्र देवनागरीत ‘प्ट’ हे जोडाक्षर अखंड राहते आणि ग्रीक पंख नकळत शाबूत ठेवते. हा पंख आपल्याला तसा परका नाही. उडणे असाही अर्थ असलेल्या संस्कृत ‘पत्’ धातूशी त्याचे जुने नाते आहे, आणि ‘पत्र’ या शब्दाचा एक अर्थ पंख असाच आहे.

स्पेलिंग पाठ करण्यासाठी मुलांना शब्द फोडून देण्यात काही गैर नाही, पण त्याच तुकड्यांना अर्थ चिकटवून देणे मला साफ नापसंत आहे.

दुसरीकडे, ‘कॉप्टर’ला अशुद्ध ठरवणाऱ्यांचेही मला पटत नाही. बोलणाऱ्यांनी कानाला जाणवलेल्या जागी शब्द तोडला आणि तो तुकडा स्वतंत्रपणे चालू लागला. लग्नमंडपावर घिरट्या घालणाऱ्या चार पंख्यांच्या ड्रोनला आज क्वाडकॉप्टर म्हणतात; त्यात मळसूत्राचे ‘को’ हे शेपूट अजून लोंबते आहे. हेलिपॅडमध्ये तर ते शेपूटही उरले नाही आणि पंखही.