पहिलं पुस्तक आणि कर्नलची पेन्शन

स्पॅनिश शिकताना पहिले काही महिने एकदम मजेत जातात, कारण सगळं वर्तमानकाळात चाललेलं असतं. आना माद्रिदला राहते, पेद्रो सफरचंद खातो, कोणाचंच काही बिघडत नाही. मग कोणीतरी म्हणतं की आता काहीतरी वाचायला घे, आणि तिथे घोडं पेंड खातं, कारण जगातल्या झाडून सगळ्या गोष्टी भूतकाळात लिहिलेल्या असतात आणि स्पॅनिशमध्ये नुसता 'गेला' येऊन भागत नाही, 'जायचा'ही वेगळा यावा लागतो. मॉन्तेरोसो नावाच्या लेखकाची डायनासोरवरची जगप्रसिद्ध कथा आहे, अख्खी कथा सात शब्दांची, आणि त्या सात शब्दांतही दोन्ही भूतकाळ घुसवलेत त्या माणसाने. बोला आता.

कुठलं पुस्तक घेऊ हे चारचौघांत विचारू नये हे माझं ठाम मत झालंय. लोक तुम्हाला झेपेल ते सांगत नाहीत, आपण काय वाचलंय ते सांगतात. आमच्या ओळखीच्या एका काकांनी थेट 'दोन किहोते' (म्हणजे आपला डॉन क्विक्झोट) सुचवलं, तेही "मुळातूनच वाच" असं बजावून. पहिला भाग 1605चा, दुसरा 1615चा! नुकतंच मराठी शिकायला लागलेल्या माणसाच्या हातात लीळाचरित्र ठेवायचं आणि म्हणायचं, वाच हळूहळू. अहो काका, खुद्द स्पेनमधल्या लोकांना ते आता जड जातं म्हणून आंद्रेस त्रापिएयो नावाच्या लेखकाने चौदा वर्षं खपून ते आजच्या स्पॅनिशमध्ये लिहून काढलं, 2015 साली.

काकांना वगळलं तर बाकी झाडून सगळे 'एल प्रिन्सिपीतो' सांगतात, म्हणजे आपला छोटा राजकुमार. मुळात तो फ्रेंच, पण जर्मन शिका नाहीतर इटालियन, हा पोरगा दारात हजर. गोड आहे, वाद नाही. फक्त ते वाचून झाल्यावर तुम्हाला बाओबाबची झाडं, ज्वालामुखी साफ करणं आणि रस्त्यावरचे दिवे लावणारा माणूस हे सगळं स्पॅनिशमध्ये येतं, आणि भाड्याची रूम शोधता येत नाही.

मग मी स्वतःच्या अकलेने जाड पुस्तकं बाजूला काढून एक बारीकसं उचललं, हुआन रुल्फोचं 'पेद्रो पारामो'. 1955चं, मेक्सिकोतलं, शंभर-सव्वाशे पानं, साधी साधी वाक्यं. मुलगा बापाला शोधत गावात येतो, इथपर्यंत मी खुशीत. मग एदुविखेस नावाची बाई त्याला सांगते की तू आज येणार हे तुझ्या आईने कळवलं होतं. आणि आई तर मेलेली! मी मागे जाऊन क्रियापद तपासलं, भूतकाळ बरोबर होता. पुढे वाचलं तर मुलगा तिला सांगतो की आई गेली, आणि ही बाई शांतपणे म्हणते, तरीच आवाज इतका बारीक येत होता. मी पुन्हा डिक्शनरी उघडली. असं करत करत निम्म्या पुस्तकापर्यंत मी पेन्सिलीने ओळींच्या डोक्यावर अर्थ लिहितेय, खाली प्रश्नचिन्हं काढतेय, आणि मग तो गोष्ट सांगणारा मुलगाच मरतो आणि मेल्यावरही सांगतच राहतो. म्हणजे माझं स्पॅनिश ठणठणीत होतं, गावच अख्खं भुतांचं होतं. कोलंबियन लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केसने हे पुस्तक हातात पडलं त्या रात्री दोनदा वाचून काढलं होतं, तेव्हा त्याचा राग वेगळाच.

कॉमिक्स सोपी असतात ही अफवा कोणी पसरवली देव जाणे. माफाल्दा ही अर्जेंटिनातली पोरगी, तिला सूप आवडत नाही एवढं चित्रावरून कळतं, बाकी तिला काळजी व्हिएतनामची आणि जगाच्या शांततेची, कारण ही मालिका 1964 ते 1973मधली. वर क्लासमध्ये घोकलेलं 'तू' (हो, त्यांच्यातही तूला तूच म्हणतात) हिच्या तोंडी कुठेच नाही, तिथे 'वोस' आणि क्रियापदंही त्याच्या मागे वाकडी झालेली.

शिकणाऱ्यांसाठी लेव्हलप्रमाणे लिहिलेली पुस्तकंही असतात, ए-वन, ए-टू वगैरे. माझ्या वाट्याला आली त्यात एक डिटेक्टिव्ह असतो, एक चित्र चोरीला जातं आणि तपास सोडून सगळे पाएया खायला बसतात. शेवटी चोर सापडायच्या जागी खरं की खोटं लिहा असे प्रश्न.

सध्या मार्केसचंच वाचतेय, ते 'कर्नलला पत्र लिहिणारं कोणी नाही' अशा नावाचं, 1961 सालचं. या माणसाची वाक्यं लांबलचक असतात म्हणून मी घाबरून होते, पण इथे छोटी छोटी आहेत. म्हातारा कर्नल पेन्शनच्या पत्रासाठी दर शुक्रवारी टपालाच्या बोटीवर जातो, पत्र काही येत नाही. घरात दमेकरी बायको, खायची भ्रांत, आणि झुंजीचा एक कोंबडा. कशाला लागतेय डिक्शनरी! आई सरकारी नोकरीतून रिटायर झालीये, तिला थोडं थोडं मराठीत सांगते, तर तिचा जीव त्याच्यात इतका अडकलाय की शुक्रवार नसला तरी विचारते, "आलं का गं त्याचं पत्र?"

"नाही आलं."

"हयातीचा दाखला दिला नसेल वेळेवर. आणि तो कोंबडा विकून टाक म्हणावं आधी."

कर्नलची बायकोही त्याला तेच सांगतेय, तो ऐकेल तर शपथ.