क्रीम कलरचा सोफा आणि काळी माती

कापडी सोफा, तोही क्रीम कलरचा, हा प्रकार ज्यानं काढला त्यानं वरुड-मोर्शीकडची काळी माती पाहिली नसावी. पावसाळ्यात ती चपलेला धरते, चपलेवरून पायाला आणि पायावरून सोफ्याला. ओली असताना तिला हात लावायचा नाही. वाळू द्यायची, मग ब्रशनं झाडायची, पुष्कळशी निघून जाते. पण ओला डाग दिसत असताना हात बांधून बसेल असं माणूस आमच्या घरात अजून जन्मायचं आहे. पोट्टे तर त्यातच बोटानं ट्रॅक्टर काढतात.

धाकट्याच्या मुताचंही तसंच. कोरड्या फडक्यानं नुसतं टिपायचं, वर खायचा सोडा भुरभुरायचा. घासलं की ते फोममध्ये उतरतं, आणि मग दमट हवा सुटली की वास येतो आणि घरातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहतो.

बोका मात्र दर्जेदार शत्रू. तो नखांना धार लावतो असं सगळे म्हणतात. खरं तर तो नखावरचं जुनं टरफल काढत असतो आणि पंजातला वास कापडात सोडून ठेवतो. तलाठ्याकडे न जाता सातबाऱ्यावर नाव चढवायची ही त्याची पद्धत. त्याला त्याचा वेगळा खांब द्यावा म्हणून एका लाकडाला सुतळी गुंडाळून सोफ्याशेजारी उभं केलं. बोक्याला आवडलं. पोट्ट्यांना जास्त आवडलं. संध्याकाळपर्यंत सुतळी बैलगाडीच्या खेळात कासरा झाली होती आणि बोका सोफ्यावर परत.

मांजराला संत्र्याचा वास सोसत नाही. आमच्याकडे मृग बहाराच्या संत्र्यांची तोड सुरू, सालींना काय तोटा! सोफ्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात साली ठेवल्या. बोका खरंच फिरकेना. पण साल दाबली की डोळ्यात पिचकारी उडते, हे इकडच्या पोराला दात येण्याआधी कळतं. सोफ्याच्या दोन टोकांना दोन फौजा बसल्या. म्हणून मग पोरांसाठी प्लास्टिकचं कव्हर घातलं, तर त्या चुरचुर आवाजावर बोका खूश. शिवाय पारा 45 वर गेला तेव्हा भाटवे, म्हणजे बहिणीचे यजमान, उठले ते कव्हरासकट.

एवढं होऊनही सोफा सोफ्यासारखा दिसत होता. मग धाकट्यानं वरणाचा हात पुसला. बायकोनं साबण लावला, तर पिवळा डाग लालभडक! माय दारातूनच ओरडली, "अवं माय, कोणाले लागलं?" हळद साबणाच्या खारानं लाल होते, लिंबू पिळलं की परत पिवळी. पाण्यात ती विरघळत नाही. तिचा रंग उडतो उन्हानं. आणि मे महिन्यात विदर्भात ऊन कोणाकडे मागावं लागत नाही. सोफा आंगणात काढला.

आंगणात सोफा दिसल्यावर गाव गप्प बसेल का? "काहून गा, पोरगी पाहाले येऊन रायले का?" असं विचारत जो तो टेकून जायचा, पाणी पिऊन जायचा, एकानं तर पानही लावलं. बकरीनं हाताचं कापड चाखून पाहिलं. डाग विटला. भोवतालचा क्रीम कलरही विटला, त्यामुळे दोघांत आता भांडण राहिलं नाही.

संध्याकाळी वारं सुटलं म्हणून सोफा छपरीत सरकवला. सकाळी पाहतो तर दोन गाद्यांच्या फटीत खुडूक कोंबडी फुगून बसलेली. हाकलायला गेलो तर मायनं हात धरला. तिनं कोंबडीखाली आणखी अंडी सरकवली, काठी घेतली आणि छपरीच्या खांबाला टेकून बसली. "एकवीस दिवस सोप्याजवळ कोणी गेलं तं पाय!"

बोका भिंतीवरूनच पाहतो. पोट्टे पिलांच्या आशेनं स्वतः पहारा देतात, पाहुण्यालाही टेकू देत नाहीत. सोफ्यावर नवा डाग नाही, नखाचा ओरखडा नाही. काल बायको शेजारच्या काकूंना हळूच विचारत होती, "तुमची कोंबडी खुडूक कधी होते हो?"